राखीव बाप

एका जंगलात दऱ्या फार होत्या आणि पूल एकही नव्हता. त्यामुळे इकडच्या प्राण्यांना तिकडे आणि तिकडच्या प्राण्यांना इकडे जायची भारी हौस. मुलांनो, पूल असता तर कोणी गेलंही नसतं.

म्हणून सिंहमहाराजांनी उड्डाणखातं काढलं. मोठमोठ्या पक्ष्यांनी पाठीवर प्रवासी घ्यायचे आणि दरीपलीकडे नेऊन सोडायचे. सारस आले, बलाक आले, करकोचे आले. ससे, मुंगसं, रानडुकरं मजेत हिंडू लागली. साळिंदराला पाठीवर घ्यायला कोणी खुशीने तयार नसे, पण नियम म्हणजे नियम. सगळी उड्डाणं एका मोठ्या सपाट खडकावरून व्हायची. त्याला सगळे नुसतं 'खडक' म्हणत.

खात्यात पक्षी दोन प्रकारचे होते. नेमाचे आणि राखीव. नेमाच्या पक्ष्याला आधीपासून ठाऊक असे, की मंगळवारी सकाळी अमुक रानडुकराला घेऊन पूर्वेला जायचं आहे. राखीव पक्ष्याला काहीच ठाऊक नसे. एखाद्या नेमाच्या पक्ष्याचा पंख दुखला, तर त्याच्या जागी हा जायचा. कोणाचं काही दुखलं नाही, तर हा नुसता वाट बघायचा. तुम्ही म्हणाल, वाट बघणं हे काय काम झालं? एकदा करून बघा आणि मग मला सांगा.

विश्राम हा असाच एक राखीव सारस. उंचापुरा, लाल मानेचा आणि अतिशय सरळ स्वभावाचा. नऊ वर्षं नोकरी झाली, पण परवानगी मागितल्याशिवाय त्याने कधी चोचसुद्धा खाजवली नव्हती. त्याचं घर खडकापासून तीन डोंगर पलीकडे, एका तळ्याच्या काठी होतं. तिथे त्याची बायको रेणुका राहायची.

आता सारसांमध्ये एक रीत आहे, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. अंडं फुटलं की पिल्लू पहिल्यांदा समोर बघतं. समोर जी दिसते ती आई. मग ते मान उजवीकडे वळवतं. उजवीकडे जो दिसतो तो बाप. एकदा ठरलं की ठरलं. त्यात मागाहून दुरुस्ती होत नाही. म्हणून अंडं फुटायच्या वेळी प्रत्येक सारस घरट्याच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहतो, मग जगात काहीही चाललेलं असो.

मागच्या वर्षी नेमकं त्याच दिवशी विश्रामला एका म्हशीला घेऊन पश्चिमेला जावं लागलं होतं. अंडं फुटलं. पिल्लाने आईकडे बघितलं आणि मान वळवली. उजवीकडे बाभळीचं एक वाळलेलं खोड होतं.

झालं. विश्रामचा थोरला मुलगा अजूनही त्या खोडाला बाबा म्हणतो. आता तो चांगला उडायला लागलाय, पण रोज संध्याकाळी खोडापाशी बसून दिवसभरात काय काय केलं ते त्याला सांगतो. विश्राम घरी आला की त्याला 'काका' म्हणून हाक मारतो. खोड वाईट होतं असं नाही. ते कधी ओरडलं नाही, कधी घाईत नव्हतं, आणि बघावं तेव्हा जागेवर असायचं. पण विश्रामला फार लागायचं ते. सुट्टीत घरी आला की तो त्या खोडाच्या शेजारी बराच वेळ उभा राहायचा. आपल्यात काय कमी आहे ते बघायचा.

यंदा रेणुकेने पुन्हा अंडं घातलं. विश्रामने मनाशी पक्कं केलं की काही झालं तरी यंदा उजवीकडे आपण असायचं.

आणि ते जमण्यासारखं होतं. कारण राखीव पक्ष्याला बोलावल्यापासून पुरा एक दिवस मिळायचा. तो आपल्या घरी राहून वाट बघू शकायचा. खडकावरची टिटवी ओरडायची, ती हाक डोंगरावरची टिटवी पुढे द्यायची, मग तळ्यावरची. हाक पोचली की विश्राम चार मासे खाऊन, बायकोला सांगून, सावकाश निघायचा. तोही स्वतःच्या पंखांनी नव्हे हं! कामावर येताना पंख वापरायचे नाहीत, ते कामासाठी ताजे ठेवायचे, असा नियम होता. म्हणून तो खडकाकडे निघालेल्या एखाद्या पक्ष्याच्या पाठीवर रिकामी जागा बघून बसायचा. एवढा मोठा सारस दुसऱ्या सारसाच्या पाठीवर बसून कामाला चाललेला बघून खालची माकडं लोळण घेत हसायची.

एक दिवस काय झालं, राणीसाहेबांच्या मावशी माहेरी निघाल्या. त्यांना नेणाऱ्या करकोच्याचा घसा बसला. राखीवाला हाक गेली आणि तो नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी हजर झाला. तोवर मावशी खडकावर उन्हात बसून होत्या. त्यांनी दिवसभरात जे जे म्हटलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. पण ते महाराजांच्या कानावर गेलं. महाराजांनी हुकूम सोडला, राखीवांची पद्धत सुधारा.

सुधारणा करायची जबाबदारी कमठेसाहेबांवर आली.

कमठेसाहेब हे कासव. वेळापत्रकाचे प्रमुख. वय दीडशे, बढत्या सात, आणि आजवर खडकाखाली एकदाही उतरलेले नाहीत. त्यांना कलिंगडाची फार आवड. जंगलात घड्याळ नव्हतं, त्यामुळे साहेबांची एक फोड खाऊन होईल तेवढा वेळ म्हणजे 'एक फोड', असं माप खात्यात धरलं जायचं.

साहेबांनी नवा नियम केला. राखीव पक्ष्याने हाक मारल्यापासून एका फोडीच्या आत खडकावर हजर व्हावे.

विश्रामने नियम ऐकला. तीन डोंगर ओलांडायला अर्धा दिवस लागे. एका फोडीत तळ्याचा काठसुद्धा ओलांडून होत नसे. तो परवानगी मागून साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, घर लांब आहे हो माझं."

"लांब?" साहेबांनी कलिंगडातून तोंड वर काढलं. "लांब म्हणजे?"

"म्हणजे इथून जायला वेळ लागतो."

"घरी जायला वेळ लागतो?" साहेबांना खरोखर कळेना. तुम्हीच बघा ना, कासवाचं घर त्याच्या पाठीवर. त्यांनी मान आत घेतली, थोडं थांबले आणि मान बाहेर काढली. "हा बघा, मी आत्ता जाऊन आलो. घरी सगळं ठीक आहे."

"तुमचं बरोबर आहे साहेब. पण आमचं घर असं बरोबर येत नाही."

"मग कुठे ठेवता ते?"

"तळ्यावर."

"तळ्यावर!" साहेबांनी मान हलवली. "विश्राम, घर असं कुठेही टाकून येऊ नये माणसाने. सवयी बदला."

साहेब रागावले नव्हते. ते मनापासून सांगत होते, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

तर अशा रीतीने राखीव पक्षी खडकामागच्या डबक्यात राहायला आले. अकरा लांब पायांचे पक्षी आणि एक डबकं. जागा पुरेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की प्रत्येकाने एकाच पायावर उभं राहायचं. दोन्ही पाय टेकायचा मान फक्त दहा वर्षं नोकरी झालेल्यांना. विश्रामची नऊच झाली होती. तो डाव्या पायावर उभा राहून घराकडच्या तीन डोंगरांकडे बघत बसायचा.

त्याच्या शेजारी भिकाजीकाका असायचे. हे जुने बलाक, वीस वर्षांचे राखीव. दोन्ही पाय ऐसपैस टेकून उभे.

"काका, तुमचं घर कुठे?" विश्रामने एकदा विचारलं.

"दक्षिणेला होतं बहुतेक," भिकाजीकाका म्हणाले. "एक चिंच होती दारात. का वड होता? तू नको विचारूस बाबा, मग मला आठवत बसावं लागतं."

नव्या पद्धतीत एक अडचण लवकरच दिसू लागली. राखीव पक्षी आठवड्यातून एकदा घरी जात आणि परत येत. जाता-येता ते दुसऱ्यांच्या पाठीवर बसत. त्यामुळे पाठी भरून जात आणि ससे खडकावरच राहत. सशांनी ओरडा केला. मग जादा उड्डाणं काढावी लागली. जादा उड्डाणांना राखीव पक्षी लागले. ते राखीव कामाला गेले की डबक्यात जागा रिकामी व्हायची, आणि ती भरायला दूरचे राखीव बोलवावे लागायचे. त्यांना आणायला आणखी पाठी लागायच्या.

एकदा टिटवी ओरडली, "विश्राम! हजर व्हा! दक्षिणेचा प्रवासी!"

विश्राम पाऊण फोडीत हजर झाला, दक्षिणेला गेला. बघतो तर प्रवासी म्हणून भिकाजीकाका उभे. आठवड्याच्या सुट्टीवर गेलेले.

"काका, तुमची सुट्टी उद्यापर्यंत होती ना?"

"मधेच बोलावलं. डबक्यात एक जागा रिकामी झाली म्हणे."

"कोणाची?"

भिकाजीकाकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तुझीच असणार रे. तू मला आणायला आलास ना!"

वाटेत भिकाजीकाका एवढंच म्हणाले, की दारात चिंच नव्हती, वडही नव्हता, उंबर होता, आणि तो बघून बरं वाटलं.

असे दिवस चालले होते. आणि एका सकाळी टिटव्यांच्या साखळीतून रेणुकेचा निरोप आला. अंड्याच्या आतून टकटक ऐकू येतेय. आज नाहीतर उद्या. लगेच या.

विश्राम एका पायावर धावत साहेबांकडे गेला. घाईत दुसरा पाय टेकायचं राहून गेलं होतं.

"साहेब, दोन दिवस सुट्टी हवी. अंडं फुटणार आहे."

"कोणाचं?"

"माझं साहेब. म्हणजे आमचं."

साहेबांनी वेळापत्रकाचं भूर्जपत्र उलगडलं. ते खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. "राखीवाच्या पाळीत सुट्टी नाही. मात्र अंडं असल्यास अपवाद करता येतो. अंडं आहे याचा पुरावा?"

"साहेब, बायको म्हणतेय ना!"

"अंडं हजर करा."

"ते हलवलं तर थंड पडेल साहेब."

"मग पंचनामा करावा लागेल." साहेब विचारात पडले. नियम कितीही कडक असले तरी ते अन्यायाचे नव्हते. "पंचनाम्याला मला स्वतःला जावं लागेल. मला न्यायला एक पक्षी लागेल. नेमाचे सगळे गेलेत. टिटवी, राखीवांत पहिला नंबर कोणाचा?"

टिटवीने यादी बघितली आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडली, "विश्राम! हजर व्हा! तळ्याचा प्रवासी!"

विश्राम तिच्यापासून एका वितीवर उभा होता. तो म्हणाला, "हजर." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जायचं, तेही कामगिरीवर, तेही स्वतःच्या पंखांनी! त्याला वाटलं, खात्यात देव आहे.

साहेब पाठीवर चढले. चढायला दोन फोडी गेल्या. विश्रामने पंख पसरले आणि खडकाच्या कडेवरून झेप घेतली.

साहेबांनी जन्मात पहिल्यांदा खाली बघितलं. खाली काहीच नव्हतं. त्यांनी चटकन मान आत घेतली, चारही पाय आत घेतले, आणि तीन डोंगर ओलांडून होईपर्यंत ते आपल्या घरी बसून राहिले. दुपारी तळ्याकाठी उतरल्यावर त्यांनी मान बाहेर काढली, इकडेतिकडे बघितलं आणि पंचनाम्यात पहिली ओळ लिहिली. 'अंतर जाणवले नाही.'

तळ्याच्या काठावर एक दगड होता. उतरायची जागा ती. तिथून घरटं पन्नास पावलांवर. रेणुका घरट्यासमोर उभी होती आणि तिने मान उंच करून हाक दिली.

"अहो, आलात का? लवकर या! तडा गेलाय!"

विश्रामने पाऊल उचललं.

"विश्राम," साहेब पाठीवरून उतरता उतरता म्हणाले, "वाहकाने प्रवासी परत येईपर्यंत उतरायच्या जागी थांबायचं असतं."

"साहेब, पन्नास पावलं फक्त."

"खडकावर तुम्हीच मला सांगत होतात, लांब आहे म्हणून."

विश्रामने पाऊल खाली ठेवलं. जागा सोडली तर नऊ वर्षांची नोकरी पुसली जायची, पुन्हा यादीत तळाला जायचं, मग सणालासुद्धा घर दिसणार नाही. शिवाय साहेब तिथे पोचून, अंडं बघून, सुट्टी मंजूर करणारच होते. नियमाने मिळणारी गोष्ट नियम मोडून कशाला घ्या? तो दगडावर उभा राहिला. मुलांनो, त्याला नावं ठेवू नका. तुम्हीही वर्गात पाणी प्यायला विचारूनच जाता ना?

साहेब निघाले. पन्नास पावलं सारसाची. कासवाची किती, ते तुम्ही घरी गेल्यावर मोजा. वाटेत त्यांना एक गवताचं पातं आडवं आलं, त्याला वळसा घातला. ऊन कलायला लागलं. विश्राम दगडावर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"अहो, चोच दिसतेय!" रेणुका ओरडली. "या ना आता! उजवीकडे कोणी नाहीये!"

आता मात्र विश्रामला राहवेना. तो ओरडला, "साहेब! जाऊ का?"

साहेब तोवर घरट्यापाशी पोचले होते. त्यांनी हाक ऐकली आणि उत्तर द्यायला ते वळू लागले. कारण पाठमोरं राहून दिलेली परवानगी ग्राह्य धरली जात नाही. आधी एक पाय वळला, मग दुसरा.

"वळतोय!" ते म्हणाले. "थांबा, वळलो की सांगतो."

अंड्याचं टरफल पडल्याचा आवाज दगडापर्यंत आला. त्याच क्षणी विश्राम धावला. परवानगीशिवाय धावला! नऊ वर्षं, यादी, सण, सगळं सोडून तो चिखल उडवत धावला, पंख अर्धे उघडे, मान पुढे. सारस धावताना बघितलाय का तुम्ही? हसू येतं. त्या दिवशी रेणुकेला आलं नाही.

पिल्लू बाहेर आलं. ओलं, पिवळं, डोळे मिचकावत. त्याने समोर बघितलं. समोर रेणुका. "आई," ते म्हणालं. मग त्याने मान उजवीकडे वळवली.

उजवीकडे कमठेसाहेब नुकतेच पुरते वळले होते.

"बाबा," पिल्लू म्हणालं.

विश्राम तीन पावलांवर होता. तो थांबला.

"हां, विश्राम," साहेब म्हणाले. "परवानगी आहे. या."

मुलांनो, तुम्हाला वाटेल साहेब दुष्ट होते. नव्हते. दीडशे वर्षांत त्यांना सगळ्यांनी साहेबच म्हटलं होतं, आईनेसुद्धा. पिल्लू धडपडत आलं, त्यांच्या पाठीवर चढलं आणि तिथे बसून झोपलं. साहेबांनी मान आत घेतली. त्या दिवशी ते घरात बराच वेळ होते, आणि आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी मान बाहेर काढून जन्माची नोंद लिहिली. मुलगी. आई, रेणुका. बाप, कमठे.

"साहेब," विश्राम म्हणाला. "बाप मी आहे."

"तुम्ही आहातच हो. नेमाचे बाप तुम्हीच होतात. पण वेळेवर हजर नव्हतात. नेमाचा हजर नसेल तर जो राखीव हजर असेल तो जागा भरतो. मी भरली."

"मी तिथेच होतो साहेब! दगडावर!"

"ते माझ्या पंचनाम्यात आहे. दगडावर होता, घरट्यापाशी नव्हता."

रेणुका पुढे झाली. तिची मान रागाने आणखी लाल झाली होती. "हे बघा साहेब, खडकावर तुमचं जे चालायचं ते चालू दे. माझ्या घरट्यात हे नियम चालणार नाहीत. उतरवा तिला."

साहेबांनी निमूटपणे अंग कलतं केलं. पिल्लू घसरून खाली आलं, आणि बापापासून दूर झाल्याबरोबर त्याने असा काही टाहो फोडला की तळ्यातले मासे तळाशी गेले. रेणुकेने दोन्ही डोळे मिटून घेतले. मग तिनेच त्याला चोचीने उचललं आणि परत साहेबांच्या पाठीवर ठेवलं. पोर रडलं की तिचं काही चालायचं नाही.

विश्रामला रडू आलं. मोठ्यांनाही येतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तळ्याकाठूनच नवा नियम काढला. लहान पिल्लाच्या बापाला पिल्लू उडेपर्यंत घरी राहण्याची सवलत. नियम फार चांगला होता, अख्ख्या जंगलाने वाखाणला. साहेबांनी स्वतः अर्ज केला आणि स्वतःच मंजूर केला. घर त्यांच्या पाठीवर होतंच, त्यामुळे तळ्याकाठी राहायला त्यांना काही अडचण आली नाही. वेळापत्रक ते तिथूनच बघू लागले. कलिंगडाच्या फोडी मात्र खडकावरून मागवाव्या लागत, आणि त्या पोचवायला रोज एक राखीव पक्षी जाई.

मग साहेबांच्या मनात आलं, आपण एखाद दिवशी आजारी पडलो तर? पिल्लू बापाविना राहायचं? त्यांनी ताबडतोब एक जागा निर्माण केली. राखीव बाप. अनुभव बघून तिथे विश्रामला नेमलं.

"राखीवाने खडकावर थांबायचं," साहेब त्याला समजावून म्हणाले. "हाक आली की यायचं. या पदाला आठवड्याची सुट्टी नाही, मी कधी आजारी पडेन ते सांगता येत नाही. आणि दगड सोडून धावलात, त्याचं मी काही लिहीत नाही. बापाचं काळीज मला आता कळतं."

विश्राम परत डबक्यात आला. राखीव बाप हे पद वरचं असल्यामुळे त्याला दोन्ही पाय टेकायची परवानगी मिळाली. पण त्याने एकच पाय टेकला.

"दुसरा टेक की," भिकाजीकाका म्हणाले.

"नको काका. दोन्ही टेकले की इथलाच झालो असं वाटेल."

भिकाजीकाकांनी आपल्या दोन्ही पायांकडे बघितलं, आणि कितीतरी वर्षांनी एक पाय उचलून बघितला. तो त्यांना जड गेला.

दोन महिने गेले. एका सकाळी टिटवी ओरडली, "विश्राम! राखीव बाप! हजर व्हा! साहेब शिंकलेत!"

भिकाजीकाका फोडी घेऊन तळ्यावर निघालेच होते. विश्राम त्यांच्या पाठीवर कलिंगडात कसाबसा पाय अडकवून बसला. खालची माकडं हसली. त्याने तिकडे बघितलंही नाही.

तळ्याकाठी पोचला तेव्हा साहेबांची शिंक थांबलेली होती. धाकटी केवढी मोठी झाली होती! लांब पाय, मानेवर लालीची नुसती चाहूल. विश्राम दगडावरून उतरला, पन्नास पावलं चालला आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. ती मागे सरकली.

"बाबा, हे कोण?" तिने साहेबांना विचारलं.

साहेबांनी जरा विचार केला. "हे लांबून येतात," ते म्हणाले.

धाकटी खेळायला निघून गेली. पाणी तुडवत, तळ्याच्या पार पलीकडच्या काठाला. साहेब तिच्याकडे बघत होते. त्यांनी मान आत घेतली, थोडं थांबले, मान बाहेर काढली. धाकटी अजून पलीकडेच होती. त्यांनी पुन्हा मान आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. ती तिथेच.

"विश्राम," साहेब हळू आवाजात म्हणाले, "लांब म्हणजे हे का?"

"होय साहेब."

"असं होतं तुम्हाला? रोज?"

"होय साहेब."

साहेबांनी पुन्हा पलीकडच्या काठाकडे बघितलं. मग म्हणाले, "फार वाईट आहे हे. मला सांगायचं नाही का तुम्ही?"

तेवढ्यात टिटवी ओरडली, की साहेब बरे असल्यास राखीव बापाने परत निघावे, एका फोडीच्या आत. नियम साहेबांचाच होता आणि लिहिलेला होता. लिहिलेला नियम बदलायला महाराजांची सही लागे, आणि महाराज मावशींना आणायला गेले होते.

साहेबांनी भिकाजीकाकांनी आणलेली एक फोड पुढे ओढली. धाकटी परत आली आणि दोघांच्या मधे बसली. विश्राम तिच्या उजवीकडे दोन्ही पाय टेकून उभा राहिला. रेणुका येऊन त्याला मान टेकून उभी राहिली. थोरला बाभळीच्या खोडाला काहीतरी सांगत होता, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

साहेबांनी त्या दिवशी ती फोड फार सावकाश खाल्ली. एकेक बी वेगळी काढून, चाटून, ओळीने मांडून ठेवली. सूर्य डोंगराला टेकला तरी सालीवर थोडासा लाल गर उरवला होता. मग तोही संपला.

तात्पर्य : मुलांनो, चांगला बाप व्हायचं असेल तर कर्तबगार होऊ नका, आज्ञाधारक तर मुळीच होऊ नका. बाभळीचं खोड व्हा. खोडाला कोणी हाक मारून बोलावून नेत नाही.